क्लोद बेर्नार

क्लोद बेर्नार (इंग्लिश उच्चारानुसार क्लॉड बर्नार्ड, १२ जुलै, १८१३ – १० फेब्रुवारी, १८७८) हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. पचनातील स्वादुपिंडाचे कार्य, यकृतात होणारी शर्करेची निर्मिती आणि ग्लायकोजेन या पदार्थाचा शोध हे त्यांचे प्रमुख संशोधन होय. शरीरातील पेशींभोवतीचे द्रव पर्यावरण स्थिर राखले जाते, ही त्यांची संकल्पना आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाचा एक पाया मानली जाते. प्रायोगिक वैद्यकाची पद्धत विशद करणारा त्यांचा १८६५ मधील ग्रंथ विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातही महत्त्वाचा ठरला.

वनस्पती अन्नघटक तयार करतात आणि प्राणी ते केवळ जाळतात, असा समज बेर्नार यांच्या काळी रसायनशास्त्रज्ञांत प्रबळ होता. प्राण्यांचे शरीरही स्वतः शर्करा तयार करते, साठवते आणि गरजेनुसार रक्तात सोडते, हे त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. चयापचय आणि मधुमेह यांच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवात या शोधापासून झाली असे मानले जाते. मात्र हे प्रयोग जिवंत प्राण्यांवर केलेले असल्यामुळे बेर्नार यांना समाजातून आणि स्वतःच्या कुटुंबातूनही तीव्र विरोध सहन करावा लागला.

बालपण आणि शिक्षण

बेर्नार यांचा जन्म फ्रान्सच्या बोजोले या द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात, व्हिलफ्रांश गावाजवळील सें-ज्युलियां या खेड्यात झाला. त्यांचे वडील द्राक्षांची शेती करीत. घरची परिस्थिती बेताचीच होती. गावच्या धर्मगुरूंनी क्लोद यांना लॅटिनचे प्राथमिक धडे दिले. पुढे त्यांनी व्हिलफ्रांश येथील जेझुइट शाळेत आणि नंतर त्वासे येथील विद्यालयात शिक्षण घेतले. या शिक्षणात भाषा आणि वाङ्मय यांवर भर होता. निसर्गविज्ञानाला त्यात फारसे स्थान नव्हते.

१८३२ मध्ये ते लियों शहराच्या व्हेझ या उपनगरातील एका औषधविक्रेत्याच्या दुकानात उमेदवारी करू लागले. त्या काळी थेरियाक नावाचे, अनेक द्रव्यांच्या मिश्रणातून बनणारे एक औषध सर्व रोगांवर दिले जाई. दुकानात खराब झालेली किंवा उरलेली द्रव्येही त्यातच टाकली जात. प्रचलित औषधोपचारांविषयी बेर्नार यांच्या मनात जी साशंकता पुढे कायम राहिली, तिचे मूळ या अनुभवात असल्याचे त्यांचे चरित्रकार मानतात.

या काळात त्यांचा ओढा नाटकाकडे होता. त्यांनी लिहिलेल्या एका छोट्या विनोदी नाटिकेला थोडे यश मिळाले. त्यानंतर आर्थर द ब्रतान्य हे पाच अंकी ऐतिहासिक नाटक लिहून १८३४ मध्ये ते पॅरिसला गेले. तेथे त्यांनी सोरबॉनमधील प्राध्यापक आणि समीक्षक सें-मार्क जिरार्दें यांना ते दाखवले. नाट्यलेखनावर उदरनिर्वाह होणार नाही, औषधांच्या दुकानातील अनुभव गाठीशी असल्याने वैद्यकाचे शिक्षण घ्यावे, असा सल्ला जिरार्दें यांनी दिला. बेर्नार यांनी तो मानला. हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले.

मजांदी यांचे सहकारी

पॅरिसच्या वैद्यकीय महाविद्यालयात बेर्नार हे विशेष चमकणारे विद्यार्थी नव्हते. १८३९ मध्ये निवासी विद्यार्थी म्हणून रुग्णालयांत त्यांची निवड झाली आणि ओतेल-दिय या रुग्णालयात त्यांचा संबंध फ्रांस्वा मजांदी यांच्याशी आला. मजांदी हे त्या काळातील अग्रगण्य प्रयोगशील शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. तात्त्विक उपपत्तींवर त्यांचा विश्वास नव्हता. प्रयोगात जे दिसते तेवढेच ते मानीत. शस्त्रक्रियेतील बेर्नार यांचे हस्तकौशल्य पाहून त्यांनी १८४१ मध्ये त्यांना कोलेज द फ्रांस या संस्थेतील आपल्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून घेतले.

१८४३ मध्ये बेर्नार यांना वैद्यकातील डॉक्टरेट मिळाली. त्यांचा प्रबंध जठररस आणि पोषणातील त्याचे कार्य या विषयावर होता. उसाची साखर शिरेतून थेट रक्तात सोडल्यास ती मूत्रावाटे बाहेर पडते. मात्र तिच्यावर आधी जठररसाची क्रिया झाली असल्यास शरीर तिचा वापर करते, असे त्यांना आढळले होते. शरीरात गेलेल्या शर्करेचे पुढे काय होते, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या संशोधनाच्या केंद्रस्थानी राहिला.

१८४४ मध्ये अध्यापकपदाच्या स्पर्धापरीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. शार्ल लासेग या मित्रासोबत त्यांनी खाजगी प्रयोगशाळा काढून शिकवण्या सुरू केल्या, परंतु पुरेसे विद्यार्थी न मिळाल्याने ती बंद करावी लागली. गावी परतून वैद्यकीय व्यवसाय करण्याचा विचार त्यांच्या मनात आला होता. याच सुमारास, १८४५ मध्ये, पॅरिसमधील एका डॉक्टरची कन्या मारी-फ्रांस्वाझ मार्तें यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा विवाह मित्रांनी जुळवून आणला होता. पत्नीकडून मिळालेल्या हुंड्यामुळे बेर्नार यांना संशोधन चालू ठेवता आले.

स्वादुपिंड आणि स्निग्ध पदार्थांचे पचन

जठराच्या मागे आडव्या असलेल्या स्वादुपिंडाच्या कार्याविषयी १८४० च्या दशकात फारच थोडी माहिती होती. पचनाची मुख्य क्रिया जठरातच पूर्ण होते, असे सामान्यतः समजले जाई. स्वादुपिंडाच्या रसाची काही रासायनिक वैशिष्ट्ये जर्मन संशोधकांनी नोंदवली होती. पण जिवंत प्राण्याच्या पचनात या रसाचे नेमके काम कोणते, हे ठरले नव्हते.

१८४६ मध्ये बाजारातून आणलेल्या काही सशांचे मूत्र पारदर्शक आणि आम्लधर्मी असल्याचे बेर्नार यांच्या लक्षात आले. शाकाहारी प्राण्यांचे मूत्र एरवी गढूळ आणि अल्कधर्मी असते. पारदर्शक, आम्लधर्मी मूत्र हे मांसाहारी प्राण्यांचे लक्षण होय. हे ससे बराच काळ उपाशी असावेत आणि स्वतःच्या शरीरातील मांस व मेद यांवर जगत असावेत, असा तर्क त्यांनी केला. तो पडताळण्यासाठी त्यांनी सशांना गवत दिले, तेव्हा मूत्र गढूळ झाले. पुन्हा उपाशी ठेवल्यावर ते पारदर्शक झाले. त्यानंतर सशांना उकडलेले गोमांस खाऊ घातले, तेव्हाही ते पारदर्शकच राहिले.

मांस खाल्लेल्या या सशांचे विच्छेदन करताना त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. पचलेले स्निग्ध पदार्थ आतड्यातून वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या दिसतात. सशात मात्र त्या आतड्याच्या सुरुवातीपासून पांढऱ्या नव्हत्या. जठरापासून सुमारे ३० सेंटिमीटर अंतरानंतर पांढरेपणा सुरू होत होता. सशाची स्वादुपिंडनलिका नेमकी याच ठिकाणी आतड्यात उघडते, तर पित्तनलिका त्याच्या बरीच आधी उघडते. कुत्र्यात या दोन्ही नलिका जवळजवळ असल्याने हा भेद दिसत नाही. स्निग्ध पदार्थांच्या पचनाला स्वादुपिंडाचा रस कारणीभूत असावा, असे अनुमान बेर्नार यांनी यावरून काढले.

पुढे त्यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडनलिकेत बारीक नळी बसवून शुद्ध रस मिळवला. हा रस तेलात किंवा चरबीत मिसळताच तिचे दुधाळ मिश्रण होते आणि चरबीचे मेदाम्ले व ग्लिसरीन यांत विघटन होते, हे त्यांनी दाखवले. नलिकेत चरबी टोचून स्वादुपिंड निकामी केल्यास प्राण्याच्या मलातून न पचलेली चरबी बाहेर पडू लागते आणि भरपूर खाऊनही तो प्राणी खंगत जातो, असेही त्यांना आढळले. स्वादुपिंडाच्या विकारात चरबीयुक्त मल होतो, हे डॉक्टरांनी पूर्वीच नोंदवले होते. त्याचे कारण आता स्पष्ट झाले. या कामासाठी फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना प्रायोगिक शरीरक्रियाविज्ञानाचे पारितोषिक दिले. स्वादुपिंडावरील त्यांचा सविस्तर ग्रंथ १८५६ मध्ये प्रसिद्ध झाला.

या निष्कर्षात पुढे एक दुरुस्ती झाली. बेर्नार यांचेच शिष्य आल्बेर दास्त्र यांनी कुत्र्याच्या पित्ताचा मार्ग शस्त्रक्रियेने बदलून ते आतड्यात बरेच खाली सोडले. तेव्हा लसीकावाहिन्या पित्त मिसळण्याच्या जागेनंतरच पांढऱ्या झाल्या. स्निग्ध पदार्थांच्या पचनासाठी स्वादुपिंडाचा रस आणि पित्त ही दोन्ही आवश्यक असतात, हे यावरून सिद्ध झाले.

यकृत आणि शर्करा

प्राण्यांच्या शरीरातील मेद आणि शर्करा कोठून येतात, हा त्या काळातील वादाचा विषय होता. झां-बातिस्त द्युमा आणि बुसेंगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांच्या मते हे पदार्थ वनस्पतीच तयार करीत आणि प्राणी ते आयते मिळवीत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांचे म्हणणे होते, की प्राणी शर्करेपासून मेद तयार करू शकतात. मधावर पोसलेल्या मधमाश्या मेण तयार करतात, हे १८४३ मध्ये स्वतः द्युमा यांच्याच सहभागाने झालेल्या प्रयोगात दिसून आले. तरीही शर्करेच्या बाबतीत जुनाच समज कायम होता. रक्तात शर्करा सापडली तर ती आहारातूनच आलेली असणार, असे मानले जाई.

शर्करा शरीरात कोठे नष्ट होते हे शोधण्याचा बेर्नार यांचा मूळ हेतू होता. त्यांनी एका कुत्र्याला शर्करायुक्त आहार दिला. यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरेतील रक्तात त्यांना भरपूर शर्करा आढळली. तुलनेसाठी दुसऱ्या कुत्र्याला केवळ मांस दिले होते. त्याच्याही यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात तितकीच शर्करा होती. आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेतही प्रथम शर्करा सापडली. परंतु प्राण्याचे पोट उघडताच रक्त यकृतातून मागे फिरत असल्याची शंका आल्याने बेर्नार यांनी ती शीर आधी बांधून मग रक्त तपासले, तेव्हा त्यात शर्करा नव्हती. यकृताकडे येणाऱ्या रक्तात नसलेली शर्करा यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात असेल, तर ती यकृतातच तयार होत असली पाहिजे. १८४८ मध्ये प्रसिद्ध केलेला हा निष्कर्ष प्रस्थापित मताला छेद देणारा होता. याच विषयावरील प्रबंधासाठी त्यांना १८५३ मध्ये विज्ञानातील डॉक्टरेट मिळाली.

१८४९ मध्ये त्यांनी सशाच्या मेंदूच्या मागील भागातील चौथ्या विवराच्या तळाशी सुईने टोचले असता थोड्याच वेळात सशाच्या मूत्रात शर्करा आली. काही काळाने ती नाहीशी झाली. यकृतातील शर्करानिर्मितीवर चेतासंस्थेचे नियंत्रण असते, याचा हा पहिला पुरावा होता. हे नियंत्रण ज्या चेतेमार्फत होत असेल असे त्यांना वाटले होते, ती कापल्यानंतरही परिणाम तसाच दिसला. आपला मूळ तर्क चुकीचा होता, हे त्यांनी पुढे स्वतःच्या ग्रंथात उदाहरणादाखल नमूद केले.

ग्लायकोजेनचा शोध आणि वाद

१८५५ मध्ये लुई फिगिये यांनी बेर्नार यांच्या निष्कर्षाला जाहीर आव्हान दिले. यकृत शर्करा तयार करीत नाही. आहारातून आलेली शर्करा ते केवळ साठवते, असा त्यांचा दावा होता. अकादमीने नेमलेल्या समितीत द्युमा हेही होते. आपल्याच जुन्या मताविरुद्ध जाणारा असूनही त्यांच्या समितीने बेर्नार यांच्या बाजूने निर्णय दिला.

त्याच वर्षी बेर्नार यांनी यकृत धुण्याचा प्रयोग केला. एकाच यकृतातील शर्करेचे मापन ते दोनदा करीत असत. एकदा वेळ अपुरा पडल्याने दुसरे मापन दुसऱ्या दिवशी केले, तेव्हा शर्करा आदल्या दिवसापेक्षा पुष्कळ अधिक निघाली. हा फरक चुकीचे मापन म्हणून त्यांनी सोडून दिला नाही. केवळ मांस खाल्लेल्या कुत्र्याचे यकृत बाहेर काढून त्यांनी त्याच्या रक्तवाहिन्यांतून ४० मिनिटे थंड पाणी सोडले. शेवटी बाहेर पडणाऱ्या पाण्यात आणि यकृताच्या ऊतीत शर्करा उरली नाही. तेच यकृत २४ तास ठेवल्यावर त्यात पुन्हा विपुल शर्करा आढळली. यकृताच्या ऊतीत शर्करेत रूपांतरित होणारा, सहज धुऊन न जाणारा एखादा पदार्थ असला पाहिजे, हे यावरून स्पष्ट झाले. १८५७ मध्ये त्यांनी तो पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा केला आणि त्याला ग्लायकोजेन, म्हणजे शर्करा उत्पन्न करणारा, असे नाव दिले. त्याच वर्षी जर्मनीत व्हिक्टर हेन्झेन यांनीही स्वतंत्रपणे तो मिळवला.

ग्लायकोजेन हे ग्लुकोजच्या अनेक रेणूंच्या जोडणीतून बनलेले संयुग आहे. जेवणानंतर रक्तातील अतिरिक्त ग्लुकोज यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवले जाते आणि दोन जेवणांच्या मधल्या काळात त्याचे पुन्हा ग्लुकोज होऊन ते रक्तात येते. त्यामुळे उपवासातही मेंदूला अखंड इंधन मिळत राहते.

या शोधाने वाद मिटला नाही. बेर्नार यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले इंग्लिश डॉक्टर फ्रेडरिक विल्यम पेव्ही यांनी असे मत मांडले, की यकृतातील शर्करा मृत्यूनंतरच तयार होते. जिवंत प्राण्यात असे घडत नाही. पेव्ही आयुष्यभर आपल्या मतावर ठाम राहिले. पुढील संशोधनाने बेर्नार यांचेच म्हणणे खरे ठरवले.

मधुमेहाचे कोडे

निरोगी माणसाच्या रक्तातही शर्करा नेहमी असते आणि तिचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की ती मूत्रात उतरते, हे बेर्नार यांनी दाखवले. त्यामुळे मधुमेह हा मूत्रपिंडाचा किंवा जठराचा रोग न राहता संपूर्ण शरीराच्या पोषणाचा विकार ठरला. मधुमेहावरील त्यांची व्याख्याने १८७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. यकृताकडून होणारी शर्करेची अतिरिक्त निर्मिती हे या रोगाचे कारण असल्याचे त्यांचे मत होते.

स्वादुपिंड आणि शर्करा या दोन्ही विषयांवर अनेक वर्षे काम करूनही त्या दोहोंचा संबंध मात्र त्यांच्या हाती लागला नाही. कुत्र्याचे संपूर्ण स्वादुपिंड काढून टाकल्यावर तो जगू शकत नाही, असे त्यांना वाटे. म्हणून ते नलिकेत चरबी टोचून ग्रंथी निकामी करीत. या पद्धतीने पाचकरस तयार करणारा भाग नष्ट होई. रक्तात थेट स्राव सोडणारे पेशीसमूह मात्र टिकून राहत, त्यामुळे त्यांच्या प्राण्यांना मधुमेह झाला नाही. हे पेशीसमूह जर्मन संशोधक पाउल लांगरहान्स यांनी १८६९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते, पण त्यांचे कार्य त्यांनाही माहीत नव्हते. बेर्नार यांच्या मृत्यूनंतर ११ वर्षांनी, १८८९ मध्ये, स्ट्रासबुर्ग येथे ऑस्कर मिन्कोव्स्की आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे संपूर्ण स्वादुपिंड यशस्वीरीत्या काढले आणि त्याला तीव्र मधुमेह झाला. या शोधाची परिणती पुढे १९२१ मध्ये टोरांटो येथील इन्सुलिनच्या शोधात झाली.

इतर संशोधन

मानेतील अनुकंपी चेता कापल्यास सशाच्या त्या बाजूच्या कानातील रक्तवाहिन्या रुंदावून कान गरम होतो, हे बेर्नार यांनी १८५१ च्या सुमारास दाखवले. रक्तवाहिन्यांच्या रुंदीवर चेतासंस्थेचे नियंत्रण असते, हे त्यातून समजले. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना लावीत असलेल्या क्युरारे या विषाने स्नायू स्वतः निकामी होत नाहीत. त्यांच्याकडे येणारा चेतांचा आदेश मात्र थांबतो, हे त्यांनी सिद्ध केले. कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातील ऑक्सिजनची जागा घेतो आणि त्यामुळे गुदमरून मृत्यू येतो, हेही त्यांनी दाखवून दिले.

या सर्व कामातून अंतर्गत पर्यावरणाची त्यांची संकल्पना आकाराला आली. प्राणी बाहेरच्या हवेत किंवा पाण्यात राहत असला, तरी त्याच्या पेशी प्रत्यक्षात रक्त आणि ऊतींतील द्रव यांत राहतात. या द्रवातील शर्करा, पाणी, ऑक्सिजन आणि उष्णता ठरावीक मर्यादेत राहतात, म्हणूनच उच्च श्रेणीचे प्राणी बाह्य परिस्थिती बदलली तरी स्वतंत्रपणे जगू शकतात. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२० च्या दशकात ही संकल्पना विस्तारली आणि तिला होमिओस्टॅसिस असे नाव दिले.

पदे आणि ग्रंथलेखन

१८५४ मध्ये सोरबॉन येथे सामान्य शरीरक्रियाविज्ञानाचे नवे अध्यासन बेर्नार यांच्यासाठी स्थापन झाले आणि त्याच वर्षी ते विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. १८५५ मध्ये मजांदी यांच्या निधनानंतर कोलेज द फ्रांसमधील त्यांचे पद बेर्नार यांना मिळाले. मात्र त्यांचे बहुतेक मूलभूत संशोधन तेथील तळघरवजा, दमट आणि अंधाऱ्या खोलीतच झाले. सम्राट तिसरा नेपोलियन यांच्याशी १८६४ मध्ये झालेल्या भेटीनंतर त्यांना चांगल्या प्रयोगशाळेच्या सोयी मिळू लागल्या. १८६८ मध्ये ते राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात गेले आणि सोरबॉनचे अध्यासन त्यांचे शिष्य पॉल बेर यांच्याकडे आले. १८६८ मध्येच फ्रेंच अकादमीवर त्यांची निवड झाली, तर १८६९ मध्ये ते सिनेटचे सदस्य झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८७६ मध्ये त्यांना कोपली पदक दिले.

१८६० च्या दशकात पोटाच्या दीर्घ आजारामुळे त्यांना वारंवार सें-ज्युलियां येथे विश्रांतीसाठी जावे लागले. प्रयोगशाळेपासून दूर असलेल्या या काळात त्यांनी प्रायोगिक वैद्यकाच्या अभ्यासाची प्रस्तावना हा ग्रंथ लिहिला. निरीक्षणातून कल्पना सुचते, कल्पनेतून प्रयोग ठरतो आणि प्रयोगाने कल्पना खोटी ठरवली तर ती निःसंकोच सोडून दिली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. उपवासी ससे आणि धुतलेले यकृत ही उदाहरणे त्यांनी या ग्रंथात सविस्तर दिली आहेत. लुई पाश्चर यांनी या ग्रंथाची जाहीर प्रशंसा केली. कादंबरीकार एमिल झोला यांनी प्रायोगिक कादंबरीविषयीचा आपला निबंध याच ग्रंथाच्या आधारे लिहिला.

जीवच्छेदन आणि कौटुंबिक जीवन

बेर्नार यांच्या संशोधनाचा पाया जीवच्छेदन, म्हणजे जिवंत प्राण्यांवरील शस्त्रक्रिया, हा होता. त्यांनी कामाला सुरुवात केली तेव्हा भूल देण्याचे तंत्र उपलब्ध नव्हते. १८४० च्या दशकाच्या अखेरीस ते आल्यानंतरही, भुलेमुळे निष्कर्ष बदलण्याचा संभव असलेल्या प्रयोगांत ते तिचा वापर टाळीत किंवा क्युरारेने प्राणी निश्चल करीत. क्युरारेने वेदना थांबत नाहीत, हे त्यांच्याच संशोधनातून सूचित होत असल्याने या पद्धतीवर विशेष टीका झाली. मनुष्याच्या हितासाठी प्राण्यांवर प्रयोग करण्याचा वैद्यकाला पूर्ण अधिकार आहे, ही त्यांची भूमिका होती आणि ती त्यांनी ग्रंथातही निःसंदिग्धपणे मांडली.

त्यांच्या सुरुवातीच्या काळातील एक प्रसंग त्यांनी स्वतः नोंदवला आहे. जठरात नळी बसवलेला एक कुत्रा प्रयोगशाळेतून निसटला आणि आपल्या मालकाकडे परतला. हा मालक त्या भागातील पोलीस अधिकारी निघाला. बेर्नार यांनी त्याला भेटून दिलगिरी व्यक्त केली आणि प्रयोगाचा हेतू समजावून सांगितला. कुत्रा बरा झाला आणि त्या अधिकाऱ्याकडून बेर्नार यांना पुढे संरक्षणच मिळाले.

घरात मात्र असा समेट झाला नाही. बेर्नार दांपत्याचे दोन मुलगे बालपणीच वारले. दोन मुली वाढल्या. पत्नीला पतीचे प्रयोग क्रूर वाटत आणि मुलींचेही तेच मत झाले. १८६९ च्या सुमारास पती-पत्नी कायदेशीररीत्या विभक्त झाले. पत्नी आणि मुलींनी प्राणिसंरक्षणाच्या कार्याला वाहून घेतले आणि भटक्या कुत्र्यांसाठी आश्रयस्थान चालवले. ज्या हुंड्याच्या आधाराने बेर्नार यांचे सुरुवातीचे संशोधन तगले होते, तो आणणाऱ्या पत्नीनेच पुढे त्या संशोधनाच्या मार्गाला विरोध केला. अखेरच्या वर्षांत मारी राफालोविच या विदुषीशी त्यांचा स्नेह जुळला आणि त्यांनी तिला शेकडो पत्रे लिहिली.

बेर्नार यांच्या प्रयोगशाळेत काही महिने काम केलेले ब्रिटिश डॉक्टर जॉर्ज हॉगन यांनी १८७५ मध्ये तेथे पाहिलेल्या प्राण्यांच्या यातनांचे वर्णन लंडनच्या एका वृत्तपत्रात प्रसिद्ध केले. त्यामुळे इंग्लंडमधील जीवच्छेदनविरोधी चळवळीला बळ मिळाले. १८७६ मध्ये ब्रिटिश संसदेने प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन करणारा कायदा संमत केला.

अखेरचे दिवस आणि मृत्यू

१८७७ च्या शरद ऋतूत बेर्नार यांनी सें-ज्युलियां येथे द्राक्षरसाच्या किण्वनावर प्रयोग केले. जिवंत यीस्टशिवायही द्राक्षरसात अल्कोहोल तयार होऊ शकते, असे त्यांना वाटू लागले होते. हे टिपण मार्सेलँ बेर्तलो यांनी त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध केले, तेव्हा पाश्चर यांनी आपल्या दिवंगत मित्राच्या प्रयोगांचे जाहीर खंडन केले. बेर्नार यांचे प्रयोग सदोष होते; परंतु जिवंत पेशींविना किण्वन शक्य असल्याचे जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड बुखनर यांनी १८९७ मध्ये यीस्टच्या अर्काच्या साहाय्याने सिद्ध केले.

१० फेब्रुवारी, १८७८ रोजी पॅरिस येथे मूत्रपिंडाच्या विकाराने बेर्नार यांचे निधन झाले. लेओं गांबेता यांच्या प्रस्तावानुसार त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्यात आले. फ्रान्समध्ये हा सन्मान मिळालेले ते पहिले वैज्ञानिक होत. पेर लाशेज दफनभूमीत त्यांचे दफन झाले.

वारसा

पॉल बेर, आल्बेर दास्त्र आणि आर्सेन दार्सोंव्हाल हे बेर्नार यांचे प्रमुख फ्रेंच शिष्य होत. रशियाचे इव्हान सेचेनोव्ह, जर्मनीचे व्हिल्हेल्म क्यूने आणि अमेरिकेचे सायलस वेअर मिचेल यांनीही त्यांच्याकडे काम केले. ग्लायकोजेनचे शरीरात नेमके कसे विघटन होते, हे उलगडल्याबद्दल कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

लियों येथील एका विद्यापीठाला बेर्नार यांचे नाव देण्यात आले आहे. कोलेज द फ्रांससमोर १८८६ मध्ये उभारलेला त्यांचा कांस्यपुतळा दुसऱ्या महायुद्धात वितळवण्यात आला. युद्धानंतर त्याच्या जागी दगडी पुतळा बसवण्यात आला. सें-ज्युलियां येथे द्राक्षमळ्यांच्या परिसरात त्यांच्या स्मरणार्थ एक संग्रहालय आहे.